आदमापूरपर्यंत तर जायचंय की!

दिवाळीला मुरगूडला गेलो होतो. दाजींनी नवी गाडी घेतलीय. पांढरी, एमएच ०९, बॉनेटवर सुकलेला हार, बंपरला लिंबू-मिरची. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी अमावास्या, म्हणजे सकाळी आदमापूरला बाळूमामांच्या दर्शनाला जाणं आलंच. पाच जणांच्या गाडीत आम्ही सात जण. मी पुढे, भाची माझ्या मांडीवर. सवयीने बेल्ट ओढला आणि खाचेत घालायला गेलो तर खाच आधीच भरलेली. आत एक लोखंडी जीभ, वर काळं प्लास्टिक.

"दाजी, हे काय?"

"काढू नकोस ते. नाहीतर पीं पीं करत बसतंय."

"मग बेल्ट कसा लावायचा?"

"आदमापूरपर्यंत तर जायचंय की! लई शिकलास म्हणून काय आता..."

मागून अक्का म्हणाली, "गप बस की रे, देवाला चाललोय."

मी तो तुकडा काढला, खिशात घातला, भाचीला मागे अक्काकडे दिलं आणि बेल्ट लावला. दाजी आदमापूर येईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. (दर्शन झाल्यावर बोलले. भेळ त्यांनीच दिली.)

तर मंडळी, आता तुम्हाला वाटेल की हा माणूस पुण्यात आयटीत नोकरी करतो आणि गावाकडच्या लोकांना अक्कल शिकवायला बसलाय. तसं अजिबात नाही. हा लेख दाजींच्या विरुद्ध नाही. दाजी चुकलेच, त्यात वाद नाही. पण आपल्याकडे गाडीच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की गाडी कायम दाजींवर येऊन थांबते. लोकांना शिस्त नाही, लोक बेल्ट लावत नाहीत, लोक ऐकत नाहीत. विषय संपला. ती गाडी ज्यांनी पास केली, ज्यांनी तिचे नियम लिहिले, त्यांना कोणी काही विचारतच नाही. आज तेच विचारायचं आहे.

आधी आकडे, म्हणजे विषय किती मोठा आहे ते कळेल. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सीट बेल्ट न लावल्यामुळे गेलेले १६,७१५. त्यातले ८,३८४ ड्रायव्हर आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे निम्मे लोक स्टिअरिंगला हातही न लावता गेले.

आता ती पीं पीं. ती कंपनीने हौसेने दिलेली नाही. १ जुलै २०१९ पासून सरकारने प्रत्येक नव्या कारला ती सक्तीची केली. ड्रायव्हरची एअरबॅग, बेल्टची आठवण, ८० आणि १२० च्या वर गेलं की इशारा, मागे घेताना सेन्सर, हे सगळं त्याच नियमातून आलं. नियम चांगलाच होता. पण बाजाराने त्यावर लगेच पळवाट काढली : हा तुकडा. आणि तो काही चोरबाजारात विकला जात नव्हता. मोठमोठ्या ऑनलाइन दुकानांत उघड मिळत होता. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच कंपन्यांना आदेश दिले, तेव्हा १३,११८ जाहिराती काढाव्या लागल्या. तेरा हजार! नियम आल्यानंतर चार वर्षांनी! आणि दाजींना तो आजही रस्त्याकडेच्या ॲक्सेसरीवाल्याकडे मिळाला, सीट कव्हरबरोबर फुकट.

आमच्या धंद्यात याला म्हणतात, फीचर रिलीज केलं आणि मॉनिटरिंग केलंच नाही. कोड प्रॉडक्शनला गेला, मॅनेजरने मेल टाकून सगळ्यांचं अभिनंदन केलं, आणि युजर काय करतोय हे कोणी बघितलंच नाही.

पण हा तुकडा तसा छोटा मुद्दा आहे. मोठा मुद्दा गाडीच्या सांगाड्याचा.

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या ब्रिटनमधल्या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच गाड्या घेतल्या : अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो. सगळ्या बिनाएअरबॅगच्या. ताशी ६४ किलोमीटरने ठोकल्या. मोठ्यांच्या सुरक्षिततेत पाचही गाड्यांना शून्य तारे. गंमत पुढेच आहे. फिगो आणि पोलोचा सांगाडा धडकेत टिकला होता. नुसती एअरबॅग नव्हती म्हणून शून्य. दोन एअरबॅगवाली पोलो ठोकली तर तिला चार तारे मिळाले, आणि कंपनीने बिनाएअरबॅगची पोलो विकणंच बंद केलं. बाकी तिघींचा सांगाडाच टिकला नाही.

आता महत्त्वाचा प्रश्न. या पाच गाड्या बेकायदा होत्या का? नाही! पाचही रीतसर पास झालेल्या होत्या. कारण बाजूला सरकवून केलेली समोरची धडक आणि बाजूने बसणारी धडक, या दोन चाचण्या आपल्याकडे नव्या मॉडेल्सना सक्तीच्या झाल्या १ ऑक्टोबर २०१७ पासून, आणि जुन्या मॉडेल्सना १ ऑक्टोबर २०१९ पासून. तोपर्यंत आपण, आपले आईवडील, आपली भाचरं ज्या गाड्यांतून फिरत होतो त्यांना ही परीक्षा नव्हतीच. ज्याला परीक्षाच नाही तो नापास कसा होणार?

नियमांनी काही होत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक उदाहरण. ओमनी. आमच्या लहानपणी मुरगूडमध्ये मारुती व्हॅन म्हणजे सबकुछ होती. शाळेची गाडी तीच, वडाप तीच, पेशंट कोल्हापूरला न्यायचा तरी तीच. ड्रायव्हरच्या गुडघ्यासमोर पत्रा, पत्र्यासमोर रस्ता. उसाच्या सीझनमध्ये अंधारात बिनालाइटच्या ट्रॉलीच्या मागे ती चालली की पुढे बसलेला माणूस आपोआप पाय वर घ्यायचा. मी स्वतः घेतलेत. ती गाडी १९८४ पासून विकली जात होती. पस्तीस वर्षं! आणि २०१९ मध्ये बंद झाली. लोकांनी नाकारली म्हणून नाही, ती चांगली खपत होती. ती धडकेच्या नव्या नियमांत बसणं शक्य नव्हतं म्हणून. जे पस्तीस वर्षांत कुठल्याही प्रबोधनाने, कुठल्याही रस्ता सुरक्षा सप्ताहाने, कुठल्याही निबंध स्पर्धेने झालं नाही, ते एका नियमाने केलं.

म्हणजे सरकारला जमतं. प्रश्न एवढाच, की मनात कधी येतं.

आता सहा एअरबॅगची गोष्ट घ्या. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने मसुदा काढला की १ ऑक्टोबर २०२२ पासून कारमध्ये सहा एअरबॅग सक्तीच्या. उद्योगातून ओरड झाली : लहान गाड्या महागतील, गरिबाला दुचाकीवरून चारचाकीवर येता येणार नाही. मग तारीख एक वर्ष पुढे गेली. आणि ते वर्ष संपायच्या आत, सप्टेंबर २०२३ मध्ये, नितीन गडकरींनी जाहीर केलं की सक्ती करणार नाही, बाजारातल्या स्पर्धेमुळे कंपन्या आपणहून देतील.

पुढे झालं काय? ज्या कंपनीने लहान गाडी महागण्याची सगळ्यात जास्त काळजी केली होती, त्याच मारुतीने २०२५ मध्ये अल्टो के-१० सकट बऱ्याच गाड्यांत सहा एअरबॅग द्यायला सुरुवात केली. तिच्याच नव्या डिझायरला नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. कोणी म्हणेल, बघा, स्पर्धेने झालंच की! झालं, मान्य. आनंद आहे. पण मग एक तर सांगा, जे शक्य होतं ते तीन वर्षं आधी अशक्य कसं होतं? आणि त्या तीन वर्षांत विकलेल्या गाड्या पुढची पंधरा वर्षं रस्त्यावर असणार आहेत. त्या पुण्यात नसतील. सेकंडहँड होऊन मुरगूडला, गारगोटीला, राधानगरीला येतील. शहरात आपण वर्षाला मॉडेल बदलतो आणि आपली जुनी असुरक्षित गाडी गावाकडे पाठवतो, हे कधी लक्षात आलंय का तुमच्या?

'गरिबाची गाडी महाग होईल' हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त झोंबतो. ऐकायला तो गरिबाच्या बाजूचा वाटतो. अर्थ असा निघतो की गरिबाने स्वस्तात मरावं. शिवाय किंमत ही काय आभाळातून पडते? सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आणला आणि वरचा सेसही काढला. किमती एका दिवसात खाली आल्या. त्याच दिवशी सरकार म्हणू शकलं असतं, की कमी कर फक्त अमुक तारे मिळवलेल्या गाडीला. नाही म्हटलं. लांबी किती ते बघितलं, इंजिन किती सीसीचं ते बघितलं. माणूस वाचतो का, हे कराच्या तक्त्यात कुठेच नव्हतं.

आणि कंपन्यांना येत नाही असंही नाही. एस-प्रेसोला नोव्हेंबर २०२० मध्ये शून्य तारे मिळाले. जून २०२२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत विकली जाणारी भारतातच बनलेली एस-प्रेसो ठोकली, तर तीन तारे. परदेशी गिऱ्हाइकासाठी ज्या देशात गाडी मजबूत करता येते, त्याच देशातल्या गिऱ्हाइकाला कमकुवत गाडी विकायची परवानगी कोणी दिली? आपल्याच नियमांनी.

आता तुमच्यापैकी कोणीतरी म्हणेल, अरे पण आता भारत एनकॅप आहे ना! आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. धडक ६४ च्या वेगाची. कारभार आपल्या पुण्यातल्या सीआयआरटीकडे. डिसेंबर २०२३ मध्ये पहिले पाच तारे हॅरिअर आणि सफारीला मिळाले. चांगली गोष्ट आहे, मला अभिमान आहे. पण त्यात एक मेख आहे. हे ऐच्छिक आहे. कंपनीला वाटलं तर ती आपली गाडी पुढे करणार. दहावीच्या पोराला सांगा, की बाळ, ज्या विषयाचा अभ्यास झालाय त्याचाच पेपर दे, बाकीचे नाही दिलेस तरी चालेल, आणि मार्कशीटवर फक्त दिलेले विषय छापू. सगळा वर्ग डिस्टिंक्शनमध्ये! आज शोरूममध्ये पाच ताऱ्यांचं पोस्टर दिसतं. ज्या गाडीची चाचणी कोणी मागितलीच नाही तिच्यावर काहीच नसतं. आणि गिऱ्हाईक 'काही नाही' याचा अर्थ 'ठीक असेल' असा घेतं. दाजींनी तसाच घेतला. शोरूममध्ये त्यांनी काय विचारलं, माहितीय? "किती देते?" बस.

मग अनिवार्य परीक्षा कोण घेतं? आपल्या पुण्याची एआरएआय आणि देशातल्या तिच्यासारख्या आणखी काही संस्था. एआरएआय १९६६ साली वाहन उद्योग आणि केंद्र सरकार यांनी मिळून उभी केली. तिथे काम फर्स्टक्लास चालतं, इंजिनिअरांच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. पण नियमांचे मसुदे ज्या समित्यांत होतात तिथे गाडी बनवणारेही बसतात, मसुद्यांचं सचिवालय एआरएआय, आणि चाचणीही तिथेच. योगायोग बघा, त्याच १९६६ साली अमेरिकेने वाहन सुरक्षा कायदा केला आणि गाडीच्या सुरक्षिततेचे नियम सरकारने करायचे, उद्योगाने नाही, असं ठरवलं. आधीच्याच वर्षी राल्फ नेडर नावाच्या तरुण वकिलाने पुस्तक लिहून तिथल्या मोटार कंपन्यांची झोप उडवली होती. त्यांनीही तोपर्यंत सगळा दोष ड्रायव्हरवरच ढकलला होता. थोडक्यात, तिथले दाजी.

उद्योगाला नियमांच्या टेबलावर बसवूच नका, असं मी म्हणत नाही. डेव्हलपरशिवाय टेस्टिंग होत नाही. पण आमच्याकडे अगदी फुटकळ ॲप असलं तरी शेवटचा शिक्का डेव्हलपर मारत नाही.

आता सगळ्यात दुखऱ्या जागेकडे येतो. अपघात झाल्यावर काय होतं?

३ जून २०१४ ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले. मागच्या सीटवर होते. केंद्रीय मंत्री. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात, चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी गेले. दोघे मागे बसले होते, बेल्ट नव्हते. पुढचे दोघे वाचले. दोन्ही वेळा महाराष्ट्र हळहळला. दोन्ही वेळा मागच्या बेल्टची चर्चा झाली. दंड आठवला, खरं तर तो कायद्यात आधीपासून होताच. १४ वर्षांखालच्या मुलाला न बांधता बसवलं तरी दंड आहे. भाचीबद्दल मलाच हजार रुपये पडायला हवे होते, हे कबूल करतो.

पण पालघरच्या त्या गाडीतल्या नोंदी वाचल्या कोणी? गाडी बनवणाऱ्या कंपनीने. वाचून पोलिसांना अहवाल दिला. कंपनीने खोटं सांगितलं असं माझं म्हणणं मुळीच नाही. माझं म्हणणं इतकंच, की तिला विचारण्यावाचून आपल्याकडे दुसरी सोय नव्हती. विमान पडलं तर चौकशीला वेगळा ब्युरो आहे. रेल्वे घसरली तर चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्त करतात, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. का? तर आपल्या घरच्याची चौकशी आपण करू नये म्हणून. इतकी साधी गोष्ट आपल्याला रेल्वेबाबत कळते. कार मात्र पोलीस पंचनाम्यात 'भरधाव व निष्काळजीपणे' या तीन शब्दांवर संपते. बेल्ट सुटला का, एअरबॅग उघडली का, सीट उखडली का, हे कोणी लिहून ठेवत नाही. लिहिलंच नाही तर पुढच्या गाडीत सुधारणार काय?

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलवायचा अधिकार सरकारला दिला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून आले. त्याआधी २०१२ पासून कंपन्यांचा आपापला स्वेच्छेचा कारभार होता. नव्या नियमांत गाडी सात वर्षांच्या आतली हवी, आणि विक्रीच्या प्रमाणात तक्रारींचा ठरावीक आकडा गाठला पाहिजे. ब्रेकच्या तक्रारींची मोजदाद! आमच्याकडे एका युजरने जरी क्रिटिकल बग टाकला तरी रात्री दोनला फोन येतो. अजून नऊशे लोकांना येऊ दे, मग बघू, असं म्हणायची सोय नसते. आणि आमच्या बगने फारफार तर कोणाचं पेमेंट अडकतं.

त्याच दुरुस्तीत राष्ट्रीय रस्ता सुरक्षा मंडळ होतं. त्याचे नियम २०२१ मध्ये निघाले. २०२५ साल उजाडलं तरी 'मंडळ स्थापन करा' असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. मंडळ सल्ला देणारं आहे बरं का, दंड करणारंसुद्धा नाही. तेवढ्यालाही सहा वर्षं.

मग करायचं काय? नुसती टीका करून उठणं मला आवडत नाही. माझ्या मते तीनच गोष्टी. एक, चाचणी ऐच्छिक नको. विकली जाणारी प्रत्येक गाडी, तीही सगळ्यात स्वस्त व्हेरिएंट, ठोकून बघा, आणि निकाल शोरूममध्ये किमतीच्या पाटीएवढ्या अक्षरात लावा. शून्य आले तर शून्य लावा. दोन, कारच्या गंभीर अपघातांची तांत्रिक चौकशी करणारी यंत्रणा हवी, उद्योगापासून वेगळी, आणि तिचे अहवाल कोणालाही वाचता यावेत. तीन, गाडी परत बोलावण्यासाठी तक्रारींचं डोकं मोजू नका, दोष मोजा.

आणि सरकार जागं होईपर्यंत एक काम आपलं. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण पहिली गाडी घेण्याच्या बेतात असणार. सनरूफसाठी पन्नास हजार जास्त मोजणारी आपलीच पिढी आहे. शोरूममध्ये "किती देते?" विचारा, जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, की याच व्हेरिएंटला तारे किती, चाचणी झाली नसेल तर का नाही, आणि मागच्या तिन्ही सीटना तीन बिंदूंचा बेल्ट आहे का. सेल्समनला उत्तर माहीत नसेल. पन्नास जणांनी विचारलं की माहीत होईल. आणि जुनी गाडी गावाकडे पाठवताना तिचे तारे आधी बघा. त्यात तुमचे आईवडील बसणार आहेत.

असो. बराच तापलो. तो तुकडा अजून माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत आहे. परवा अक्काचा फोन आला होता. दाजींनी दुसरा आणून बसवला म्हणाली, आणि तिने तो काढून परड्यात फेकून दिला. आता गाडीत पीं पीं वाजते आणि घरात भांडण. :)

पण दाजी बेल्ट लावतात म्हणे. आदमापूरपर्यंतसुद्धा.